चार वर्षांचा अर्धवट गेम

‘ताई, मी 27 वर्षांची आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचं, दिवसा एका कंपनीत हिशेबाचं काम करते. गेली चार वर्षं रोज रात्री कॉम्प्युटरसमोर बसून गेम बनवते. गोडो हे गेम बनवायचं इंजिन (सॉफ्टवेअर) आणि कोड व्हिडिओ बघून शिकले, चित्रंही थोडीफार जमतात. चारही वर्षं एकाच गेमवर गेली: सात राज्यं, चाळीस पात्रं, प्रत्येकाची वेगळी कथा. तो अजून निम्माही झालेला नाही. डिझायनरच्या जागांसाठी अकरा अर्ज केले, सोबत गेमचं नव्वद पानांचं डिझाइन डॉक्युमेंट जोडलं. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, दोन्ही नकार. आता वाटतं, साठवलेल्या पैशांवर दोन वर्षं नोकरी सोडून हा गेम पुरा करावा. की आधी एखादा कोर्स करावा? पण मनातला प्रश्न वेगळाच आहे. कुठेही रीतसर न शिकलेल्या माणसाने स्वतःला गेम डिझायनर म्हणवून घ्यावं का? कुणी विचारलं की मी “हिशेब बघते” एवढंच सांगते. – रात्रपाळी’

प्रिय रात्रपाळी,

नोकरी, कोर्स, अर्ज यांचं बघूच. पण तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत. मीही कोड आणि डिझाइन घरी बसून शिकले. पहिली कित्येक वर्षं ‘काय करतेस?’ असं कुणी विचारलं की ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून विषय बदलायचे. तुझं ‘हिशेब बघते’ वाचताना मला ते दिवस आठवले.

ज्या धंद्यात शिरायची तू परवानगी मागते आहेस, तो बऱ्याच अंशी स्वतः शिकलेल्या माणसांनीच उभा केला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात हे शिकवणारं कुणी नव्हतंच. विल राइट यांनी वेगवेगळ्या कॉलेजांत पाच वर्षं काढली आणि पदवी न घेताच बाहेर पडले. पुढे शहर वसवायचा ‘सिमसिटी’ हा गेम त्यांनी केला. रोबर्टा विल्यम्स यांना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. 1980 च्या ‘मिस्टरी हाउस’ची कथा, कोडी आणि चित्रं त्यांची, कोड त्यांच्या नवऱ्याचा. शिगेरू मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकले होते, 1981 मध्ये ‘डाँकी काँग’ आला तेव्हा तेही प्रोग्रॅमर नव्हते. तेव्हा हक्काचा प्रश्न मनातून काढून टाक. तो हक्क देणारं खातं कुठेच नाही.

मात्र या लोकांकडे एक गोष्ट होती, ती तुझ्याकडे अजून नाही. रिचर्ड गॅरियट यांचं उदाहरण घे. शाळेत असताना त्यांनी तिथल्या टेलिटाइपवर एकामागून एक गेम लिहिले. स्क्रीन नाही, सगळं कागदावर छापून यायचं. त्या गेमना धड नावंसुद्धा नव्हती, नुसते क्रमांक: डी अँड डी 1, डी अँड डी 2, असं करत 28 पर्यंत. अठ्ठाविसावा सुधारत नेला त्याचा ‘अकॅलाबेथ’ झाला, आणि त्यानंतर 1981 मध्ये ‘अल्टिमा’ आला. अल्टिमाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला महत्त्वाचे वाटतात ते आधीचे सत्तावीस, जे त्या शाळेबाहेर कुणी खेळलं नसेल.

तू चार वर्षं क्रमांक एकवर आहेस गं.

हे वाचून तुला लागेल, माहीत आहे. पण या चार वर्षांत तू काय शिकलीस आणि काय शिकायचं राहिलं, ते बघायला हवं. इंजिन शिकलीस, कोड शिकलीस, चित्रं शिकलीस, आणि कुणी न सांगता रोज कामाला बसायची सवय लावून घेतलीस. ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे, पुष्कळांना ती आयुष्यभर जमत नाही. पण हे सगळं झालं गेम बनवणं. डिझाइन म्हणजे नियम ठरवणं, आणि ते नियम दुसऱ्या माणसाच्या हातात गेल्यावर काय होतं ते बघून बदलणं. तुझ्या अख्ख्या पत्रात तुझा गेम खेळलेल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. मी पत्र तीनदा वाचलं ते तेवढ्यासाठीच.

मला स्वतःला हे कधी कळलं ते सांगते. माझा पहिला बरा म्हणावा असा गेम कोड्यांचा होता. पहिल्याच खोलीत एक दार, आणि ते उघडायला डाव्या भिंतीवर एक खटका. आठ महिने त्या खोलीवर काम केलं होतं. मग एका ओळखीच्यांना खेळायला बसवलं आणि मी मागे खुर्ची टाकून बसले. ते दारापाशी गेले. दारावर आपटले. मागे आले. परत दारावर आपटले. सगळे कोपरे फिरले. खटका त्यांना दिसलाच नाही, कारण तो भिंतीच्याच तपकिरी रंगाचा होता. मला तो रोज दिसायचा, कारण तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. सहा मिनिटांनी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, डावीकडे बघा ना!’ त्यांनी बघितलं, खटका ओढला, दार उघडलं आणि ते अगदी ओशाळून म्हणाले, ‘माझंच लक्ष नव्हतं.’ चूक माझी, आणि माफी ते मागत होते. त्या रात्री मी खटक्याचा रंग बदलला, त्याच्यावर दिवा टाकला, आणि पुढच्या माणसाला बसवलं तेव्हा ओठ घट्ट मिटून घेतले.

तू बोललीस की चाचणी तिथेच संपते, कारण तुझा गेम विकत घेणाऱ्याच्या मागे तू खुर्ची टाकून बसलेली नसणार. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल याच दृष्टीने पुन्हा खेळून बघ. सूचना एक नाही. मारिओ पडद्याच्या डावीकडे, आणि उजवीकडे मोकळी जागा, म्हणून आपण उजवीकडे चालू लागतो. समोरून एक गुंबा, म्हणजे छोटा शत्रू, येतो. उडी मारली नाही तर मरतो, पण सुरुवातच असल्यामुळे काही जात नाही. दुसऱ्यांदा उडी मारतो. शिकवणी झाली, आणि कुणी शिकवलं असं वाटतही नाही. ते साधायला खेळणाऱ्याच्या जागी जाऊन बसावं लागतं.

डिझाइनचं दुसरं अंग कमी करण्याचं. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी 1984 मध्ये ‘टेट्रिस’ केला, तेव्हा त्यांच्यापुढचा कॉम्प्युटर चित्रं काढूच शकत नव्हता. ठोकळे त्यांनी कंसांच्या खुणांनी काढले. मूळ कल्पना पेंटोमिनोच्या कोड्याची, म्हणजे पाच-पाच चौकोन जोडून होणारे बारा आकार. त्यांनी चौकोन चारवर आणले, आकार सातच उरले, आणि एवढे सात आकार खेळणाऱ्याच्या डोक्यात मावले. सात आकार आणि कंस यांतून काय उभं राहिलं ते तू जाणतेस. आता तुझी चाळीस पात्रं घे आणि स्वतःलाच विचार: यातलं कोणतं काढलं तर खेळणाऱ्याच्या हातून काही निसटेल? हातून म्हणते आहे, कथेतून नाही.

तिसरं, आणि माझ्या फार आवडीचं, म्हणजे अपघात ओळखणं. 1978 मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. पडद्यावर जितके शत्रू जास्त तितकं प्रोसेसरला काम जास्त, म्हणून सगळे हळू सरकायचे. एकेक मरत गेला की उरलेले आपोआप वेगाने धावू लागायचे. हा यंत्राचा दोष. निशिकादोंनी तो तसाच ठेवला, आणि त्यातूनच शेवटच्या शत्रूपाशी येणारी ती धाकधूक जन्मली. विल राइट यांचंही असंच. हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकायच्या एका गेमसाठी बेटं रचायचं साधन त्यांनी बनवलं, आणि लक्षात आलं की बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटं रचण्यातच मजा जास्त आहे. ‘सिमसिटी’चं मूळ तिथे आहे. प्रकाशकांना तो कळेना, म्हणून बाजारात यायला 1989 उजाडलं. नव्वद पानं आधी लिहून मग त्यांबरहुकूम बनवत गेलं की असे अपघात घडायला जागाच उरत नाही. जे घडतं ते सगळं ‘बग’, म्हणजे चूक, ठरतं.

म्हणून सांगते, तो मोठा गेम एका फोल्डरमध्ये ठेव. पुसू नकोस, त्याच्यावर रागावूही नकोस. त्यातलं एक पात्र आणि एक खोली घे. दहा मिनिटांत संपेल एवढा गेम कर, आणि त्याला चार आठवड्यांच्या वर वेळ देऊ नकोस. ‘संपला’ म्हणजे खरोखर संपला: सुरू करायचा पडदा, आवाज कमी-जास्त करायची सोय, मध्ये थांबवता येणं, हरल्यावर पुन्हा सुरू होणं, शेवट. मग इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये चालेल असा चढव. ही शेवटची दहा टक्के कामं कंटाळवाणी असतात आणि चार वर्षांत ती तुझ्या वाट्याला एकदाही आलेली नाहीत. ती केल्यावरच पुढचा गेम किती मोठा घ्यावा याचा अंदाज येऊ लागतो.

मुदत पाळणं एकटीने जमत नसेल तर गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमात, उतर. लुडम डेअर 2002 पासून चालू आहे, ग्लोबल गेम जॅम 2009 पासून. दोन-तीन दिवसांत विषय मिळतो, गेम बनतो आणि लगेच दुसरे तो खेळतात. ‘बाबा इज यू’ची सुरुवात 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये झाली, पूर्ण गेम यायला 2019 उजाडलं. ‘सेलेस्त’ही आधी पिको-8 या छोटे गेम बनवायच्या साधनावर चार दिवसांत केलेला छोटासा गेम होता. अडीच दिवसांत कुणी उत्तम कलाकृती करत नाही. पण एखाद्या कल्पनेत जीव आहे की नाही हे तेवढ्यात नक्की कळतं, आणि चार वर्षांनी कळण्यापेक्षा ते बरं.

आता तू मला एरिक बारोन यांचं नाव सांगशील. एकट्या माणसाने ‘स्टारड्यू व्हॅली’ केला, कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः, आणि साडेचार वर्षं लावून. खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ती गोष्ट पूर्ण ऐक. त्यांच्याकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी होती. नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा एवढ्याचसाठी त्यांनी ते काम हाती घेतलं. जोडीदाराच्या कमाईचा आधार होता, आणि मधल्या काळात ते एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत होते. 2016 मध्ये गेम आला आणि चालला, म्हणून ती गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. तेवढीच वर्षं देऊन ज्यांचा गेम कुणी उघडलाही नाही, त्यांची गोष्ट आपल्या कानावर येत नाही. तीही माणसं आळशी नव्हती.

यातच तुझ्या नोकरीचं उत्तर आहे. सोडू नकोस, निदान आत्ता नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दरवर्षी हजारो नवे गेम येतात. गेम चढवायला 100 डॉलर भरले की झालं, त्यामुळे दार सगळ्यांनाच उघडं आहे आणि आत गर्दीही तशीच. विक्रीतला साधारण 30 टक्के वाटा दुकान घेतं. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करून पैसे मागता येतात, म्हणजे तुझी पहिल्या दोन तासांची मांडणीच कसोटीला लागते. ‘अमंग अस’ 2018 मध्ये आला आणि जगाला दिसला 2020 मध्ये. ती दोन वर्षं तो बनवणाऱ्या तिघांना तग धरावा लागला. मोठ्या स्टुडिओंतही स्थैर्य आहे असं समजू नकोस, 2023 आणि 2024 मध्ये हजारो अनुभवी माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि आज तू ज्या जागेसाठी अर्ज करतेस तिथे तीही उभी आहेत. महिन्याचा पगार येत असला की वाईट कल्पना टाकून द्यायचं धाडस होतं. साठवणीवर बसलेला माणूस वाईट कल्पनेलाही चिकटून राहतो, कारण ती सोडली तर गेलेल्या महिन्यांचं काय, हा प्रश्न छातीवर बसतो. मी हे करून बसले आहे. कामाचे तास कमी करून मिळत असतील, आठवड्यातला एखादा दिवस मोकळा होत असेल, तर तो जरूर घे, आणि रात्री झोप. चार वर्षं जागून काढलीस ती पुरे.

अर्जांचं सांगते. डिझायनर निवडायला बसलेल्या माणसापुढे अर्जांचा ढीग असतो. नव्वद पानं तो वाचणार नाही, वाचू शकत नाही. त्याला एक दुवा हवा, ज्यावर टिचकी मारली की अर्ध्या मिनिटात गेम सुरू होतो. असे तीन छोटे गेम पाठव. प्रत्येकासोबत एकच पान: सुरुवातीला नियम काय होता, खेळणारे कुठे अडकले, तू काय बदललंस, बदलल्यावर काय झालं. माझ्या हाती अशी पानं येतात तेव्हा मी पदवीचा रकाना बघायलाही विसरते. दोन नकार आले ते तुझ्या शिक्षणामुळे, असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, खेळून बघण्यासारखं तू त्यांना काही दिलंच नव्हतंस.

आणि ‘डिझायनर’ ही एकच नोकरी नाही. लेव्हल डिझायनर जागा रचतो, नॅरेटिव्ह डिझायनर कथा गुंफतो, सिस्टिम्स डिझायनर आकडे आणि नियम जुळवतो. इथे मला तुझ्या पत्रातली ती ओळ पुन्हा आठवते, जी तू खाली मान घालून लिहिली आहेस.

तू हिशेब बघतेस. अगं, गेममधली अर्थव्यवस्था सांभाळणं हे डिझाइनमधलं अवघड काम आहे आणि ते स्प्रेडशीटमध्येच होतं. एका लढाईला किती नाणी मिळावीत, तलवार कितीला असावी, दहा तास खेळलेल्याकडे किती साठलेलं असेल आणि शंभर तास खेळलेल्याकडे किती. नाणी येणारे नळ किती आणि वाहून जाणाऱ्या मोऱ्या किती, याचा मेळ बसला नाही की महागाई होते, अगदी खरीखुरी. हजारोंनी इंटरनेटवर एकत्र खेळायच्या 1997 च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये गेमच्या जगातला माल ठरावीक ठेवून तो फिरता राहील असं धरलं होतं, खेळणाऱ्यांनी तो घरात साठवून ठेवला आणि ते चक्रच अडलं. तसाच गेम असलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ करणाऱ्या सीसीपी या आइसलंडच्या कंपनीने तर 2007 मध्ये गेमची बाजारपेठ बघायला चक्क अर्थशास्त्रज्ञ नेमला. ताळेबंद न जुळला तर रात्री झोप न येणारं माणूस या कामाला लागतं. चार वर्षं तू ज्या गोष्टीला आपला अडसर समजलीस, ती मी तुझ्या जागी असते तर अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहिली असती. छोट्या तीन गेमपैकी एक याच विषयावर कर: एक दुकान, पाच वस्तू, दहा दिवस, आणि सोबत तुझी स्प्रेडशीट उघडी ठेव.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. चांगल्या कोर्समध्ये मुदत मिळते, चुका दाखवणारी माणसं मिळतात आणि चार जणांत काम करायची सवय लागते. तिथल्या विद्यार्थ्यांनी पुरे केलेले गेम मागून घे आणि खेळ. आवडले तर जा, दाखवायला काही नसेल तर पैसे वाचव. आपण स्वतः शिकलेले लोक एका बाबतीत खरोखर कमी पडतो: दुसऱ्याचा कोड वाचणं, आपलं काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असं ठेवणं, टीका अंगाला लावून न घेता वहीत उतरवणं. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवायचं साधन, शिकली नसशील तर या आठवड्यात शिक, आणि पुढच्या जॅमला एकटी न उतरता कुणाला तरी सोबत घे.

मोठ्या गेमकडे परत जाता येईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. जाता येईल. मात्र तेव्हा तुला त्या चाळिसांतली सहा-सातच हवी असतील असा माझा अंदाज आहे, आणि कोणती, हे तुला आत्तापेक्षा पुष्कळ चांगलं ठाऊक असेल.

पहिल्या छोट्या गेमला नाव सुचलं नाही तर ‘2’ म्हण. तीन अनोळखी माणसांना तो खेळायला दे, मागे बस, काही बोलू नकोस, आणि ते कुठे थांबले ते लिहून काढ. मग त्याचा दुवा मला पाठव. मी खेळेन आणि मी कुठे अडकले ते तुला कळवेन.

तुझी,
ताई